नवाब दूध पीत नाहीत

मित्रांनो, मी एक रानमांजर आहे, पण मला कुरवाळायला हात पुढं केलात तर तुमच्या बोटांना काच लागेल. माझं रान त्या काचेच्या आत आहे. छत्रपती संभाजीनगरात, ज्योतीनगरातल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला एक टॅब आहे. त्यात ठोकळे रचून घरंदारं बांधायचा एक खेळ आहे. त्या खेळातल्या एका डोंगराच्या कडेला, दाट झाडीत, मी राहतो.

मला आईबाप नाहीत. एके दिवशी तिथं झाडी उगवली आणि तिच्याबरोबर मीही उगवलो. माझं डोकं चौकोनी, धड चौकोनी, शेपूटसुद्धा फुटपट्टीसारखं. अंगाचा रंग वाळल्या गवताचा आणि त्यावर गडद ठिपके. लांबून मी बिबट्याचा धाकटा भाऊ दिसतो, पण माझ्याइतकं निरुपद्रवी जनावर आमच्या जगात सापडायचं नाही. कोंबड्या सोडल्या तर मी कोणाच्या वाटेला जात नाही. उलट कोणी माझ्या दिशेनं झटक्यानं वळलं, तरी मी पळत सुटतो. हे मी ठरवून करत नाही. ज्यांनी मला घडवलं त्यांनी एवढंच शिकवून सोडलं: जे हलतं ते धोक्याचं.

त्यांनी मला आणखी एक विचित्र देणगी दिली. आमच्या जगात एक हिरवं, बिनहातांचं भूत फिरतं. ते गुपचूप जवळ येतं, फुसफुसतं आणि फुटतं. मग घर असो की माणूस, जागेवर नुसता खड्डा उरतो. हे भूत फक्त मांजराला भितं. मी नुसता दिसलो तरी ते वाट बदलतं. म्हणजे मी सगळ्यांना भितो, आणि सगळे ज्याला भितात ते मला भितं.

आणि आमचा काळ तुमच्यासारखा नाही. टॅब बंद झाला की आमचा सूर्य आहे तिथं थांबतो. पान हलत नाही. टॅब पुन्हा सुरू झाला की सगळं तिथूनच पुढं चालू होतं. तो चालू असेपर्यंत काचेपलीकडचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येतं. मला जे काही ठाऊक आहे ते बहुतेक असं ऐकलेलं आहे, थोडं काचेतून दिसलेलं.

तो टॅब अनंतरावांचा. जन्मभर त्यांनी पाटबंधारे खात्यात धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले. त्यांची रेघ केसाएवढी बारीक असायची म्हणतात. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्यांना कंपवात झाला होता. उजवा हात सारखा थरथरायचा. डॉक्टरांनी बोटं चालती ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्या मुलीनं, विशाखानं, हा टॅब आणून दिला. विशाखा वाळूजच्या एका कारखान्यात कामाला. ती सुटून येईपर्यंत तिची लेक सावनी शाळेतून थेट आजोबांकडं यायची. खेळ शिकवला तो सावनीनं. ती आईच्या जुन्या फोनवरून त्याच जगात यायची, आणि दोघांच्या बाहुल्यांच्या डोक्यावर दोघांची नावं तरंगायची.

"आजोबा, इथं दाबलं की चालायचं. इथं दाबलं की फोडायचं."

"आणि थांबायचं कुठं दाबून?"

"थांबायला काही दाबायचं नसतं हो. बोट उचलायचं."

पहिले काही दिवस अनंतराव बांधायला गेले की पडायचे. चार ठोकळे वर चढले की बोट थरथरायचं, बाहुली कडेवरून पुढं जायची आणि खाली आपटायची.

"आजोबा, पुन्हा मेलात!"

"मेलो का? बरं. परत जन्मायचं बटण दाखव."

मग एक दिवस त्यांनी बांधायचंच सोडलं. माझ्या झाडीशेजारचा उंच डोंगर त्यांनी निवडला, त्याच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले आणि खाली खणायला लागले.

"अहो, देऊळ असं करतात का? खालून करतात," सावनी म्हणाली.

"वेरूळचं कैलास कसं केलंय? वरून. आधी कळस, मग पाया. आपण कायम खडकावर उभे, आपल्याखाली सगळा डोंगर. सांग आता, कुठं पडणार मी?"

खरंच, त्यानंतर ते पडले नाहीत. कळस मोकळा झाला, मग शिखराच्या पायऱ्या, मग सभामंडपाचं छत. हात थरथरला की एखादा ठोकळा जास्त फुटायचा. "झीज झाली म्हणायचं," ते म्हणत, आणि पुढं जात. मी झाडीतून बघत असे. माझ्या शेजारी कोणीतरी इतकं सावकाश काहीतरी करतंय, हे मला आवडायचं. मला वाटायचं, हा माणूस माझा आहे.

तेवढ्यात इमरती आली.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते शहाण्या जनावराला शोभणारं नाही, पण खरं आहे. सावनीनं तळ्यावर गळ टाकून मासा पकडला, पलीकडच्या गावातल्या एका नारिंगी मांजरीला तो दिला, आणि ती बया एका माशात विकली गेली. लगेच गळ्यात लाल पट्टा. लगेच नाव. गुलमंडीच्या बाजारातून अनंतराव सावनीसाठी जिलबीसारखी इमरती आणायचे, त्या रंगाची म्हणून इमरती. सावनीनं खेळात बांधलेल्या घरात तिला पेटीवर बसायला जागा मिळाली, उशाशी झोपायला जागा मिळाली. सावनी उठली की ती उठायची, सावनी चालली की मागं चालायची. "आजोबा, बघा ना, किती गोड बसलीय!" हे मी रोज ऐकायचो. बसणं ही काय करामत आहे? पण मला बसता येत नाही. माझी जात खेळात कधी बसत नाही. मी रोज झाडीच्या कडेला येऊन त्या घराच्या खिडकीकडं पाहायचो आणि माझा जीव जळायचा. माझ्या अंगावरचे ठिपके जन्मापासूनचे नसून तेव्हा पडलेले डाग आहेत, असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

अनंतराव माशावरून चिडले होते, ते ऐकून मला तेवढंच बरं वाटलं.

"आपल्या घरात मासा? तुझ्या आईनं कधी कांदा-लसणाच्या पुढं काही खाल्लं नाही."

"आजोबा, खोटा मासा आहे."

"खोटा असला म्हणून काय झालं? ऊठ, हात धुऊन ये."

"टॅबला वास येतो का कुठं!"

"मला येतोय."

सावनी खरंच हात धुऊन आली, पण येताना हसत होती.

खरा घाव पुढं बसला. एका संध्याकाळी ते हिरवं भूत डोंगराच्या पायथ्याशी आलं. मी झाडीतून बाहेर आलो, त्यानं मला पाहिलं आणि ते वळून निघून गेलं. असं पुष्कळदा झालं होतं. त्या दिवशी सावनीनं ते जाताना पाहिलं. ती त्या भुताला सुतळी बॉम्ब म्हणायची.

"बघा आजोबा! आपल्या देवळाजवळ सुतळी बॉम्ब कधीच फुटत नाहीत. इमरतीला भितात ते."

इमरतीला! ती त्या वेळी पेटीवर बसून होती. डोंगर राखला मी आणि कौतुक तिचं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

अनंतराव मात्र म्हणाले, "घर कुठं, डोंगर कुठं. इमरती घरात बसलीय. इथं दुसरं कोणीतरी राखण करतंय." आणि त्यांची बाहुली हळूहळू वळत माझ्याकडं पाहायला लागली. "तो बघ. त्या झाडाआड. काय ऐट आहे! नवाबच आहे."

आमच्या जगात बोका की मांजरी हे कोणी ठरवत नाही. पण त्या क्षणापासून मी स्वतःला बोका समजतो.

"ते रानमांजर आहे, आजोबा. ते आपलं होत नाही कधी. पट्टा नाही, मागं येत नाही, घरी येत नाही. फार तर आपल्यावर भरवसा ठेवतं. म्हणजे मग आपल्याला बघून पळत नाही, एवढंच."

"मग एवढंच हवं. पट्टा कोणाला पाहिजे?"

मला पाहिजे होता. पण मला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अनंतराव माझ्या मागं लागले. त्यांनी गाईचं दूध काढलं आणि बादली हातात धरून झाडीपाशी आले. "या नवाब, या. दूध प्या." मित्रांनो, तुमच्याकडं मांजर म्हटलं की दूध. शेजारची मनी दूध पिते, गोष्टीतली मांजर दूध पिते, आणि अनंतरावांच्या सगळ्या आयुष्यात मांजरापुढं दुधाखेरीज कोणी काही ठेवलं नव्हतं. आमच्या जगातल्या मांजराला दूध म्हणजे काय ते ठाऊकच नाही. मला ती नुसती पांढरी बादली दिसायची. त्यातून बोट थरथरायचं, बादली हिसका खायची, आणि मी पळायचो.

"नवाब दूध पीत नाहीत," ते सावनीला सांगायचे.

"मासा घ्या, आजोबा. सांगतेय ना."

"नको. साखर घातली तर?"

मग त्यांना सावनीचं पहिल्या दिवशीचं वाक्य आठवलं असावं. ते झाडीपाशी आले, माझ्याकडं तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी काचेवरून बोट उचललं. टॅब डब्याला टेकलेला होता. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले. हात मांडीवर थरथरत असणार, पण आमच्या जगात त्यांची बाहुली खडकासारखी स्थिर होती. मी थांबलो. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडं पाठ न करता उभा राहिलो.

रोज संध्याकाळी ते तसे बसायला लागले. सावनी तिच्या घराला माळे चढवायची, इमरती मिरवायची, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत असायचो. सांगायला लाज वाटते, पण मी अधूनमधून खिडकीकडंही बघायचो. इमरती बघतेय का ते पाहायला.

एकदा विशाखा सावनीला न्यायला आली, तेव्हाचं बोलणं माझ्या लक्षात राहिलं आहे.

"अप्पा, चहाचं पार पाणी झालं. किती वेळ असे बसलाय?"

"श्श. आलाय."

"कोण?"

"नवाब."

विशाखा हसली, पण फार नाही. "माझा दहावीचा निकाल होता तेव्हा तुम्ही एका जागी बसला नव्हता. येरझाऱ्या घालून घालून सगळ्यांना वैताग आणला होता. आणि आता मांजरासाठी?"

"तू कुठं पळून जात होतीस?" अनंतराव म्हणाले.

कप उचलल्याचा आवाज आला.

ते असे रोज बसल्यानं मी त्यांच्या बऱ्याच जवळ आलो होतो, पण भरवसा नुसता बसून येत नाही. माझ्या जातीला मासा लागतो. एके दुपारी सावनी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली होती. ती परत आली तेव्हा आजोबांची बाहुली तळ्याकाठी होती.

"आजोबा! तुम्ही?"

"हळू. तो गळ पेटीत होता ना, म्हटलं बघू. आईला सांगू नकोस."

"आता वास नाही का येत?"

"येतोय. गप्प बस."

गळ टाकणं सोपं नव्हतं. गळाला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा भोपळा बुडाला की लगेच बोट टेकवावं लागतं, आणि त्यांचं बोट एक तर आधी टेकायचं नाहीतर नंतर. कितीदा बूट निघाला, कितीदा नुसती वेल. सावनी म्हणाली, "मी पकडून देऊ?" ते म्हणाले, "त्याला कळेल." मला कळलं नसतं. पण त्यांनी असं म्हणावं, हे मला इमरतीच्या पट्ट्याहून मोठं वाटलं.

शेवटी मासा मिळाला. तो हातात धरून ते झाडीपाशी आले, बोट उचललं, हात मांडीवर. मी ओढला गेलो. एक एक पाऊल, थांबत, थांबत. अगदी समोर आलो. आता त्यांनी फक्त माझ्यावर बोट टेकवायचं होतं. त्यांनी हात उचलला. बोट काचेपर्यंत आलं, थरथरलं, भलत्याच जागी टेकलं. बाहुलीनं गर्रकन आभाळाकडं मान केली, आणि माझे पाय मला घेऊन पळाले.

"असू दे नवाब," अनंतराव म्हणाले. "उद्या."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सावनी एकदा त्यांचं मनगट धरू लागली तर त्यांनी हलकेच सोडवून घेतलं. डोंगर खाली खाली मोकळा होत गेला होता. आता पायथ्याची हत्तींची रांग तेवढी राहिली होती, आणि ती रांग सोडून ते माझ्यापाशी येऊन बसायचे. इमरतीनं एका माशात जे दिलं, ते द्यायला मी किती अवघड! मला तिचा हेवा वाटायचा तो आता पट्ट्यासाठी नव्हता. मासा पुढं आला आणि तिनं खाल्ला. तिच्यात आणि सावनीत कोणी थरथरलं नाही.

एका सकाळी ते एकटेच बसले होते. मी पुन्हा समोर आलो होतो, पूर्वी कधी आलो नव्हतो इतका जवळ. त्यांचे हात मांडीवर होते. तेवढ्यात विशाखाचा आवाज आला.

"अप्पा, चला. गाडी आलीय खाली. डॉक्टर निघून जातील मग."

"थांब. हा बघ, आलाय."

"परत आल्यावर बघा ना. कुठं जातोय तो? इथंच राहील."

"राहशील ना रे?" अनंतरावांनी मला विचारलं. मग टॅब बंद झाला.

मित्रांनो, मी त्यांची वाट पाहिली असं मला म्हणता येत नाही. वाट पाहायला वेळ लागतो, आणि आमच्याकडं वेळ थांबला होता. माझ्या लेखी पुढच्याच क्षणी टॅब सुरू झाला. समोर तीच बाहुली, हातात तोच मासा, डोक्यावर तेच नाव: अनंतराव. फक्त काचेपलीकडचे आवाज वेगळे होते.

"सगळं पुसून टाकू यातलं," विशाखा म्हणत होती. "तुझ्या शाळेच्या कामाला होईल."

"नको ना, आई. एकदा बघ तरी."

"तेराव्यापासून तूच हात लावला नाहीस याला."

तेव्हा मला समजलं की त्या सकाळी गेलेले अनंतराव परत आले नाहीत.

"हे बघ," सावनी म्हणाली. "हा नवाब."

विशाखानं विचारलं, "अप्पांच्या हातात काय आहे ते?"

"मासा."

"अप्पांच्या हातात?"

"त्यांनी स्वतः पकडला. तुला सांगू नको म्हणाले होते."

विशाखा हसायला लागली. मोठ्यानं, अगदी मनापासून हसली, आणि हसता हसता तिचं हसणं कुठंतरी अडकलं. नंतर ती बोलली ते सावनीशी नाही, माझ्याशी.

"वेरूळला गेलो की अप्पा कायम पुढं असायचे. मी मागून पळायची. एकदाही थांबून मागं पाहिलं नाही. आणि तुझ्यापुढं हात मांडीवर घेऊन बसायचे." "काय आहे रे तुझ्यात?"

मी जन्मभर एका मांजरीवर जळलो. कोणी माझ्यावर जळत असेल, हे कधी माझ्या चौकोनी डोक्यात आलं नव्हतं. मला तिला सांगायचं होतं की माझ्यात काही नाही. मी पळतो, म्हणून ते थांबायचे. तू मागून येतेस याची त्यांना खात्री होती. पण मला बोलता येत नाही.

"आई, आता हलू नकोस," सावनी म्हणाली. "बोट उचल. हात मांडीवर ठेव, आजोबांसारखे."

विशाखानं हात मांडीवर ठेवले. मी पुढं झालो. एक पाऊल, मग आणखी एक.

"आता टेकव. हळूच. त्याच्यावरच."

तिचं बोट काचेकडं आलं. तिला कंपवात नाही, तरी ते थरथरत होतं. पण ते टेकलं ते माझ्यावरच टेकलं. मी मासा खाल्ला. माझ्याभोवती लाल बदाम उडाले, आणि पायांतलं ते जुनं पळणं एकदम निघून गेलं.

"आई! आजोबांनी केलं!" सावनी ओरडली.

"मी केलं ना गं," विशाखा म्हणाली.

"नाव बघ कोणाचं आहे."

आमच्या जगात बोट कोणाचं होतं हे कोणी विचारत नाही. मासा अनंतरावांच्या हातात होता आणि मी तो अनंतरावांच्या हातून खाल्ला. आता कोणत्याही हिसक्यानं मी त्यांच्यापासून पळणार नाही. ते हवे तेवढे थरथरू देत.

टॅब डब्याला टेकलेला तसाच राहिला, आणि त्यातलं काही पुसलं गेलं नाही. आता दर रविवारी मायलेकी त्याच टेबलाशी बसतात. सावनी पायथ्याचे हत्ती कोरते. विशाखा आजोबांची बाहुली घेऊन झाडीपाशी येते, बोट उचलते आणि बसते. काही करत नाही. भूत आलं तर मी आहे. इमरती अजून पेटीवर आहे, तिच्या गळ्यात अजून लाल पट्टा आहे, आणि तो तिला शोभतो हे मी आता कबूल करतो.

पण मित्रांनो, माझं जळणं संपलेलं नाही, त्याचं तोंड फक्त वळलं आहे. तुमच्या घरातही एखादे हात मांडीवर थरथरत असतील. कप देताना सांडत असतील, बटण लावताना चुकत असतील. त्यांच्याजवळ जा. मला हलत्या हातापासून पळण्यासाठी घडवलं होतं, म्हणून मी पळालो. तुम्हाला तसं कोणी घडवलेलं नाही. तो थरथरता हात तुम्हाला आजच, अगदी आत्ता, आपल्या हातात घेता येतो. मला आता तुमचाच तेवढा हेवा वाटतो.